मानाची टोपी आणि वऱ्हाडचा सारा

१८५३ च्या मे महिन्यात हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी एक तह केला. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज नावाने निजामाची होती, तिच्यावर हुकूम चालत असे इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार द्यायचा निजामाने. पगार थकला, कर्ज वाढले. लॉर्ड डलहौसीने तगादा लावून वऱ्हाड मागून घेतला. तहाचा अर्थ सरळ होता : वऱ्हाडच्या महसुलातून आधी या फौजेचा खर्च भागवायचा. पुढे बुलढाणा जिल्हा म्हणून आखला गेलेला मुलूख या तहात आला. मेहकर, चिखली, मलकापूरच्या कुळांनी भरलेल्या साऱ्यातून जालना, हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूरच्या छावण्यांतले घोडे चंदी खाऊ लागले.

हे इथे सांगायचे कारण वेगळे आहे. लष्करी विद्यालयांत खेळाडू छात्रांना दिली जाणारी मानाची टोपी हा या लेखाचा विषय. गोंड्याची, मखमलीची ती टोपी बुलढाण्याच्या कोणा मुलाच्या डोक्यावर चढल्याची नोंद मी दाखवणार नाही. पण ज्या फौजेत पुढे टोपीवाले छात्र अधिकारी होऊन आले, तिच्यातल्या काही पलटणी या मुलखाच्या पैशावर उभ्या राहिल्या होत्या. त्या पैशाचे धनी आणि त्या टोपीचे धनी एकमेकांना भेटायला शंभर वर्षे लागली. ती शंभर वर्षे कशी गेली ते पाहू.

आधी टोपीचे कूळ. इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत १८३९ साली राणी ॲडलेड आली, तेव्हा तिच्यासमोर खेळणाऱ्या एका संघाने लाल मखमली टोप्या घातल्या होत्या. त्या काळात जर्सीचे रंग ठरलेले नव्हते. मैदानावर पोरांची झुंडच्या झुंड एकमेकांवर तुटून पडे. आपला कोण, परका कोण हे ओळखायचे तरी कसे? डोक्यावरच्या रंगाने. म्हणजे टोपी आधी ओळखीपुरती होती, मान तिला मागून मिळाला. शाळेच्या पहिल्या संघात निवड झाली की टोपी, अशी रीत इतर निवासी शाळांत पसरली. सहा कळ्यांची मखमल, कडेला जरी, वर गोंडा आणि पुढे कशिद्याने काढलेले साल. फुटबॉलने ही रीत शाळेबाहेर काढली. एन. लेन जॅक्सन या संघटकाच्या सूचनेवरून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मे १८८६ मध्ये ठरवले की देशाकडून खेळणाऱ्या प्रत्येकाला लाल गुलाब काढलेली रेशमी टोपी द्यायची. खेळाडूने देशाकडून किती सामने खेळले हे आजही ‘किती कॅप्स’ असेच मोजतात, त्याचे मूळ हे.

याच शाळांतली मुले सँडहर्स्ट आणि वुलिचच्या लष्करी महाविद्यालयांत जात. दोन्ही संस्थांचे आपसातले सामने म्हणजे वर्षाचा सण. शाळेतली टोपी, महाविद्यालयातले ‘कलर्स’ म्हणजे खेळातला मान, मग रेजिमेंटचा पोलो संघ अशी ती शिडी होती. शिडीच्या टोकाला बसलेले वरिष्ठ याच शिडीने चढलेले असत. त्यामुळे नव्या पोरातला अधिकारी ओळखायची त्यांची कसोटीही तीच : हा कुठल्या शाळेत होता, कुठल्या संघात खेळला? खेळाने धाडस, शिस्त, संघभाव येतो हे खोटे नाही. पण जो खेळ ठराविक शाळांतच शिकायला मिळतो त्याला गुणांची कसोटी म्हटले, की ती गुणांपेक्षा घराण्याची कसोटी होऊन बसते. इंग्रजांना हे कळत नसेल असे मला वाटत नाही.

इकडे जालना-हिंगोलीच्या घोडदळात काय चालले होते? इथेही खेळ होतेच. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीत रोवलेली मेख उपटून नेण्याचा खेळ हिंदी स्वारांचा हातखंडा. पोलो इंग्रज अधिकाऱ्यांचा लाडका. तो तर त्यांनी मणिपूरच्या लोकांकडूनच उचललेला. पण हिंदी स्वार कितीही चांगला असला तरी रिसालदार-मेजरच्या पुढे त्याला वाट नव्हती. कालपरवा मिसरूड फुटलेला इंग्रज सेकंड लेफ्टनंट त्याच्याहून वरचा. वऱ्हाडात मानपानाची भाषा डोक्याभोवतीच फिरते. फेटा, मंदिल, शेला-पागोटे. सिंदखेडच्या जाधवरावांपासून गावच्या पाटलापर्यंत मान मिळतो तो आधी डोक्यावर. या मुलखाला डोक्यावरचा मान शिकवायची कोणाला गरज नव्हती. फौजेतला मान मात्र परक्यांच्या घरात वाटला जात होता.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. पुढच्याच वर्षी सरसेनापती किचनरने कंटिन्जंट मोडून हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स आली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणात हाय वूडजवळ भाले सरसावून धावलेले हे घोडदळ. यंत्रबंदुकांच्या युद्धात घोड्यांचा असा हल्ला ही तेव्हाही नवलाची गोष्ट होती. पायदळाच्या पलटणी १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाल्या, आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट पडले. आज कुमाऊं म्हटले की हिमालय आठवतो. तिच्या चौथ्या पलटणीची पाळेमुळे मात्र एलिचपूरच्या नवाब सलाबत खानाने १७८८ मध्ये उभ्या केलेल्या फौजेत, म्हणजे आपल्या अचलपुरात आहेत. ही पलटण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

हिंदी तरुणांना अधिकारी करण्याचा पहिला प्रयोगही कर्झनचाच. त्याने इम्पीरियल कॅडेट कोर काढली, राजघराण्यांतल्या मुलांसाठी. पांढरी अचकन, आकाशी फेटा, उमदे घोडे. १९०३ च्या दिल्ली दरबारात ही मुले अशी शोभून दिसली की बघणारे थक्क झाले. पण शोभेपलीकडे त्यांच्या हाती फार काही पडले नाही. इंग्रज सैनिकावर हुकूम चालवण्याचा अधिकार देणारी पूर्ण ‘किंग्ज कमिशन’ हिंदी माणसाला मिळायला १९१७ उजाडले, आणि तेही महायुद्धाने गळ्याला फास लावला म्हणून. त्यानंतर सँडहर्स्टमध्ये हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. तीस कोटींच्या देशाला दहा जागा.

त्या दहांत जाणारा मुलगा पंधरा दिवसांच्या बोटीच्या प्रवासानंतर अशा जागी पोचे, जिथे बरोबरीची पोरे आठव्या वर्षापासून वसतिगृहात रग्बी खेळत वाढलेली. कित्येक नापास झाले. ‘हिंदी मुलगा अधिकारी व्हायला लायक नाही’ म्हणायला कारणच मिळाले. त्यावर उतारा म्हणून १३ मार्च १९२२ रोजी डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज उघडले, कॅडेट कोरच्याच जुन्या जागेत. नावात कॉलेज, प्रत्यक्षात शाळा. अकरा-बारा वर्षांची हिंदी मुले घ्यायची आणि त्यांना इंग्लंडमधल्या निवासी शाळेच्या साच्यात घालायचे. मुलांच्या ‘हाऊस’ची नावेही तशीच : रॉबर्ट्स, किचनर, रॉलिन्सन. म्हणजे सेनापतींची. सकाळी कवायत, दुपारी वर्ग, संध्याकाळी मैदान, आणि मैदानावर मिळवलेल्या मानाला वर्गातल्या नंबराइतकीच किंमत. स्वातंत्र्यानंतर ही नावे गेली. चंद्रगुप्त, प्रताप, रणजित आणि शिवाजी अशी चार नावे आली. सिंदखेडराजाच्या लेकीच्या मुलाचे नाव डेहराडूनच्या शाळेत मुलांच्या जर्सीवर चढले, हे बुलढाणेकरांनी अभिमानाने सांगावे.

याच सुमारास सँडहर्स्टमधून बाहेर पडलेल्यांत कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात होते आणि कूर्गचे थिमय्या. दोघांना कमिशन मिळाले १९२६ मध्ये. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशच्या अराकान किनाऱ्यावर कांगॉ इथे जपान्यांशी जी घनघोर लढाई झाली, तीत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी.एस.ओ. हा युद्धातला मान मिळाला. थिमय्यांच्या हाताखाली होती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची आठवी पलटण. लायकीचा प्रश्न तिथे निकालात निघाला. हिंदी अधिकारी लढू शकतो का, असे विचारणारे त्यानंतर गप्प बसले.

मधल्या काळात नागपुरात एक डोळ्यांचे डॉक्टर याच प्रश्नाने पेटले होते. डॉ. बा. शि. मुंजे. बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम केलेले, हिंदुमहासभेचे पुढारी, वऱ्हाड-नागपूरच्या राजकारणातले मोठे नाव. हिंदी सँडहर्स्ट कसे असावे हे ठरवायला १९३१ मध्ये सरसेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचे ते सदस्य होते. त्या कामातून १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनची इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र, त्यांत सॅम माणेकशॉ. मुंजे तेवढ्यावर थांबले नाहीत. अकादमीत जागा झाल्या, पण तिथे टिकतील अशी मराठी मध्यमवर्गातली मुले कुठे तयार होणार? घोड्यावर बसायचे, बंदूक धरायची, संघात खेळायचे हे शिकवणारी शाळाच नव्हती. म्हणून त्यांनी संस्था काढली, संस्थानिकांकडे पदर पसरला आणि जून १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले.

मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये इटलीत जाऊन मुसोलिनीला भेटले होते. तिथल्या फॅसिस्ट युवक संघटनेची शिस्त त्यांना भावली होती. त्यांच्या दृष्टीला धर्माची एक चौकट होती. यावर आजही टीका होते, आणि ती वाजवी आहे. तरी त्यांनी हेरलेली उणीव खरी होती. अधिकाऱ्याची निवड मुलाखतीच्या टेबलावर होते असे दिसते, खरी निवड त्याच्या दहा वर्षे आधी मैदानावर होऊन गेलेली असते. ज्या पोराने कधी संघ चालवलाच नाही त्याला टेबलावर विचारून काय उपयोग?

हे कोडे सोडवले दुसऱ्या महायुद्धाने. हजारो अधिकारी तातडीने हवे होते. ओळखीपाळखीची, शाळेच्या गळपट्टीवरून होणारी निवड पुरेना. १९४३ पासून हिंदुस्थानात निवड मंडळे आली. मानसशास्त्रीय चाचण्या, गटात करायची कामे, अडथळे आणि दोर-फळ्यांची कोडी. रग्बी खेळला नसलेला पोरगाही फळी टाकून खड्डा ओलांडायची युक्ती सुचवू शकतो आणि चार जणांना बरोबर घेऊ शकतो. आजचे एस.एस.बी., म्हणजे अधिकारी निवडणारे मंडळ, तेच. मुलाखतीत ‘कुठला खेळ खेळता?’ हा प्रश्न अजून येतोच. उत्तर कबड्डी असले तरी आता चालते.

आता त्या चौथ्या पलटणीकडे. ऑक्टोबर १९४७ च्या शेवटी पाकिस्तानकडून आलेले टोळीवाले श्रीनगरच्या दाराशी आले. ४ कुमाऊंची डी कंपनी विमानाने काश्मीरला निघाली. कंपनी कमांडर मेजर सोमनाथ शर्मा, डेहराडूनच्या त्याच मिलिटरी कॉलेजचे माजी छात्र. त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. कशाने? हॉकी खेळताना मोडला म्हणून. विश्रांती घ्या असे सांगितले असतानाही ते कंपनीबरोबर गेले. ३ नोव्हेंबरला बडगाम इथे कित्येक पटींनी मोठ्या टोळीने त्यांना घेरले. प्लास्टरच्या हाताने ते मॅगझिने भरून देत या खंदकातून त्या खंदकात फिरले, आणि दारूगोळ्याच्या साठ्याजवळ तोफगोळा फुटून तिथेच पडले. पण त्या काही तासांत श्रीनगरचा विमानतळ वाचला. पहिले परमवीर चक्र त्यांचे, मरणोत्तर. त्या पदकाची आकृती काढली सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय, आणि लग्नाने सँडहर्स्टमध्ये शिकलेल्या विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याच्या घरच्या. इंद्राच्या वज्राची चार चिन्हे त्यांनीच त्यावर आणली.

मैदानाने माणूस घडतो, हे वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकून मला कंटाळा येतो. बडगाम वाचले की ते वाक्य कुठून आले असेल ते कळते.

फाळणी, स्वातंत्र्य आणि तिन्ही दलांचे एकत्र प्रशिक्षण. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली. १६ जानेवारी १९५५ ला औपचारिक उद्घाटन झाले. मुंबई राज्याने सुमारे आठ हजार एकर जमीन दिली. महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी जवानांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या एक लाख पौंडांच्या देणगीची आठवण म्हणून मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. इथे तरुण छात्र स्क्वाड्रनमध्ये राहतो, आणि स्क्वाड्रनची इज्जत मैदानावर ठरते. कुस्ती नाही तर बॉक्सिंग, पोहणे, घोडा, क्रॉसकंट्री, काही ना काही करायचेच. छात्रांच्या एका शिबिराचे नाव तोरणा. शिवाजीराजांच्या पहिल्या किल्ल्याचे नाव घेऊन उद्याचा जनरल पाठीवर ओझे घेऊन धावतो.

खडकवासल्याला खेळातल्या असामान्य कामगिरीचा मान आहे ब्लेझर. मखमली टोपी मागे पडली. हवामान, काळ आणि लष्करी गणवेशात टोपीला असलेला वेगळाच अर्थ, ही सगळीच त्याची कारणे. जो छात्र ब्लेझर मिळवतो त्याच्याकडे सगळी प्रबोधिनी वळून पाहते. राज्यवर्धनसिंह राठोड या ७७ व्या कोर्सच्या छात्राने तो मिळवला, पुढे डेहराडूनच्या अकादमीत सर्वोत्तम खेळाडूसाठीचे शीख रेजिमेंटचे सुवर्णपदक मिळवले, आणि २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅप नेमबाजीत रौप्य. ही वाट आता मुलींनाही खुली आहे : २०२५ च्या मेमध्ये प्रबोधिनीतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या.

मराठी अधिकाऱ्यांत खरोखरीची टोपी, म्हणजे भारताची कसोटी टोपी मिरवली ती लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारींनी. पुण्यात जन्मलेले. नोकरीमुळे अनेक सामने हुकले, तरी २१ कसोटी खेळले. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटसाठी १०९ धावांची भागी केली. १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कर्णधारपद त्यांच्याकडे आले, त्या मालिकेतले चौथे कर्णधार म्हणून. ६३ आणि ४० धावा काढल्या आणि सामना वाचवला. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंड जिंकले तेव्हा व्यवस्थापक तेच. त्यांची शिस्त खेळाडूंना जाचायची, असे तेव्हाचे खेळाडू हसत हसत सांगत.

पण ही गोष्ट अधिकाऱ्यांचीच सांगितली तर ती पुन्हा जुनीच चूक होईल. जवानाचा मान वेगळा होता. १९२२ मध्ये शिपाई म्हणून भरती झालेले ध्यानचंद १९२६ मध्ये हिंदी लष्कराच्या संघातून न्यूझीलंडला गेले. २१ पैकी १८ सामने जिंकून आले. बक्षीस काय? लान्स नाईकची एक फीत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्कराच्या बॉईज बटालियनमध्ये गेले, बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण आणि विश्वविक्रम मिळवला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. बीडचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये सियाचीनला राहिला आणि मग स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम मोडत २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत आला. यांना कोणी मखमलीची टोपी दिली नाही.

आणि बुलढाणा? मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात एकोणीस वर्षांच्या प्रथमेश जावकरने धनुर्विद्येतल्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माईक श्लोसरला १४९-१४८ ने हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. प्रथमेश बुलढाण्याचा. सँडहर्स्टच्या कुठल्याही शिडीवर नसलेला खेळ, आणि जिल्ह्याच्या गावातले मैदान.

मैदान असेल तर मुले तयार होतात, हा माझा निष्कर्ष. पण लष्करी शाळांच्या दाराशी आपल्या जिल्ह्यातली फार थोडी मुले पोचतात, कारण दार कुठे आहे हेच घरी ठाऊक नसते. देशातले पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाले. प्रबोधिनीची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या शेजारी आहे. दहावीनंतर तिथे जाता येते. डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजची प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होते. महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. आता मुलींनाही प्रवेश आहे. प्रवेशाच्या वेळी मुलगा वा मुलगी सातवीत असावी किंवा सातवी उत्तीर्ण असावी, आणि वय साडेअकरा ते तेरा असावे. विषय इंग्रजी, गणित आणि सामान्य ज्ञान. गणिताचा पेपर हिंदीतही लिहिता येतो. मेहकर, लोणार, मोताळ्याच्या मुख्याध्यापकांनी सातवीच्या वर्गात ही माहिती या वर्षी एकदा मोठ्याने वाचून दाखवावी.